‘यात अर्थशास्त्र कुठे आहे?’

गेल्या हिवाळ्यात शेंदूरजनाघाटच्या एका मुलीबरोबर मी पदवीच्या विद्यार्थ्यांच्या अर्थशास्त्र संशोधन परिषदेला गेले होते. तिचा विषय होता संत्र्याच्या रोपवाटिकेतल्या बायकांचा दिवस. परीक्षकांनी तिचं मराठीतलं भित्तिपत्रक दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, “बाळ, हे समाजशास्त्रात चाललं असतं. यात अर्थशास्त्र कुठे आहे?”

पोरगी गप्प झाली. बरोबर आलेल्या बाईला तिथे बोलायचा अधिकार नव्हता, म्हणून इथे बोलते.

शेंदूरजनाघाट म्हणजे संत्र्याच्या कलमांचं गाव. जंभेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधायचा, की कलम तयार. ही पोरगी वही घेऊन आपल्याच गल्लीतल्या बायकांमागे फिरली. कोण किती वाजता उठतं, कोण काय करतं, पैसे कुणाच्या हातात पडतात, हे लिहीत गेली. तिला दिसलं ते असं: डोळा बांधणाऱ्या माणसाला नगावर मजुरी, पिशव्या भरणं, निंदण, पाणी देणं ही बायकांची कामं रोजानं, आणि रोपवाटिका घरची असली तर घरच्या बाईला रोजही नाही. एका काकूंना तिनं विचारलं, तुम्ही काय करता? “काईच नाई वं बाई, मी त घरीच रायतो.” हाताची माती अजून धुतलेली नव्हती!

आता सांगा, यात अर्थशास्त्र नाही? कलम विकलं गेलं की ते राष्ट्रीय उत्पन्नात धरलं जातं. ते वाढवणारी मात्र ‘घरीच राहते’. पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १९२० साली लिहून ठेवलंय की एखाद्यानं आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केलं तर राष्ट्रीय उत्पन्न घटतं. काम तेच, बाई तीच, फक्त पगार थांबला. आपल्याकडे बायकांच्या संघटनांनी ओरड केली तेव्हा कुठे १९९१च्या जनगणनेच्या प्रश्नात ‘घरच्या शेतातलं वा धंद्यातलं बिनमोबदल्याचं काम धरून’ असे शब्द आले. सरकारचीच २०२४ची वेळ-वापर पाहणी सांगते की बिनपैशाच्या घरकामात, ते करणाऱ्या बाईचे दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषाचे ८८. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बायकांच्या श्रमाचा नि मिळकतीचा इतिहास खणल्याबद्दल. स्टॉकहोममध्ये विचारलं की अर्थशास्त्र, शेंदूरजनात विचारलं की समाजशास्त्र!

बक्षीस कुणाला मिळालं? डिजिटल व्यवहारांवरच्या एका रंगीत भित्तिपत्रकाला. आलेख सुरेख होते, पण एकाही दुकानदाराला कुणी भेटलेलं दिसलं नाही. त्या मुलांवर माझा राग नाही. विषय वरून वाटले जातात, इंग्रजीत मांडलं की वजन येतं, फ्लेक्स छापायला पैसे लागतात, आणि मुक्कामाला पाठवायचं तर मुलीच्या घरी आधी तिच्या बापाची, मग भावाची समजूत घालावी लागते. २००६पासून भरणाऱ्या ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन महोत्सवात पदवीच्या मुलांना वेगळा गट आहे, हे चांगलंच. (ही परिषद ती नव्हे.) पण दार उघडं ठेवून भागत नाही, आत बसलेल्यांना संत्र्याच्या बागेतली बाई दिसायला हवी.

आपणही धुतल्या तांदळासारख्या नाही. मोर्चाला वरुडच्या बायका हव्या असतात आणि अभ्यास करायचा म्हटलं की आपण पुण्या-मुंबईच्या ताईंची वाट पाहतो.

परतीच्या एस.टी.त ती म्हणाली, “ताई, माझ्या तक्त्यात माय नाई. तिले इचाराचंच रायलं.” त्या दिवशी पहाटे चारला उठून दोघींची भाकरी बांधून दिली होती ती तिच्या मायनंच. आंबिया बहाराची तोड सुरू झाली की ही वही घेऊन आम्ही फळं निवडणाऱ्या बायकांकडे बसणार आहोत. पहिलं पान मायचं.