बंड्याची झोप कोणी पळवली?

शेपटीवाले सोबती : डॉक्टरकाका

बालदोस्तांनो,

जुलै महिन्यात मला नाशिकहून एक पत्र आलं. सातवीतल्या एका मुलीचं. तिचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण तिचे शेजारीही हा अंक वाचतात! पत्र भारी रागात लिहिलेलं होतं. एका ठिकाणी तर पेनाने कागदच फाटला होता.

‘डॉक्टरकाका, आमच्या बंड्याला झोपच मिळत नाही. शेजारच्या काकूंचा टायगर रात्री गॅलरीत बांधलेला असतो. तो भुंकतो, मग रडतो, मग पुन्हा भुंकतो. बंड्या दाराशी कान टवकारून बसून राहतो आणि दिवसभर पेंगतो. काल माझा धाकटा भाऊ झोपलेल्या बंड्यावरून उडी मारून गेला, तर बंड्या त्याच्यावर गुरगुरला. आई घाबरली. बाबा म्हणाले, असंच चाललं तर बंड्याला गावी सोडून येऊ. चूक टायगरची आणि शिक्षा बंड्याला? काका, टायगरला गप्प कसं करायचं तेवढं सांगा.’

आता बघा, मी जनावरांचा डॉक्टर. बंड्या माझा पेशंट, तसा टायगरही माझा पेशंटच की! मग एकाची बाजू घेऊन कसं चालेल? मी तिला उलट टपाली लिहिलं, ‘बाळ, आधी बंड्याकडे बघू. टायगरकडे नंतर वळू.’

मोठ्या कुत्र्याला दिवसरात्र मिळून दहा-बारा तास तरी झोप लागते. पिल्लांना त्याहून पुष्कळ जास्त. पण कुत्रा आपल्यासारखा रात्री आडवा झाला की थेट सकाळी उठला, असं करत नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी रात्रभर कुत्र्यांवर लक्ष ठेवलं. तेव्हा सरासरी १६ मिनिटं झोप, मग ५ मिनिटं जाग, पुन्हा झोप, असा क्रम दिसला. राखणदाराची झोप ती! अशा झोपेत शेजारून आवाज आला, की ती ५ मिनिटांची जाग लांबतच जाते.

त्यात कुत्र्याचे कान किती तिखट! आपल्याला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा. अगदी हलका आवाजही त्याला आपल्याआधी कळतो. आणि दुसऱ्या कुत्र्याचं भुंकणं हा त्याच्या दृष्टीने नुसता गोंगाट नव्हे. तो निरोप असतो. ‘कुणीतरी आलंय’, ‘मी एकटा आहे’, ‘मला भीती वाटते’. रात्रभर कोणी तुम्हाला हाका मारत राहिलं, तर तुम्ही झोपाल का?

मग मी बंड्यासाठी काही गोष्टी सुचवल्या. तुमच्याकडेही अशी अडचण असेल, तर त्याच रात्री करून बघा.

पहिली गोष्ट, अंथरूण हलवा. गॅलरीच्या भिंतीपासून लांब, आतल्या खोलीत, जुनी चादर किंवा गोधडी टाकून त्याची जागा करा. त्या बाजूची खिडकी लावून घ्या. पंख्याचा सलग आवाज असेल तर बाहेरचे आवाज थोडे झाकले जातात.

दुसरी, संध्याकाळी अर्धा-पाऊण तास फिरवा. नुसतं ओढत नेऊ नका. त्याला हुंगू द्या. हुंगणं म्हणजे कुत्र्याचं वर्तमानपत्र वाचणं! झोपायच्या आधी पुन्हा एकदा शू करायला खाली न्या.

तिसरी, रात्री तो भुंकला तर ‘ए गप!’ म्हणून ओरडू नका. त्याला वाटतं, वा, घरचेही भुंकायला लागले! शांतपणे त्याच्याजवळ जा, अंथरुणावर न्या आणि गप्प बसला की पाठीवरून हात फिरवा. बुडापेस्टच्या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या डोक्यावर न दुखणाऱ्या तारा चिकटवून त्यांची झोप मोजली होती. त्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. झोपेआधी ज्यांचे लाड झाले आणि झोपेआधी ज्यांच्याकडे दुर्लक्ष झालं किंवा ज्यांना धाक दाखवला गेला, त्यांच्या झोपेत फरक दिसला. म्हणून रागावणं नको.

चौथी गोष्ट धाकट्या भावासाठी. झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, त्याच्यावरून उडी मारायची नाही. लांबून नावाने हाक मारायची. कुत्रा गुरगुरतो म्हणजे तो ‘लांब राहा’ असं सांगतो. त्याबद्दल त्याला मारलंत, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल! चावलंच किंवा दाताचा ओरखडा आला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं. कुत्र्याला लस दिलेली असली तरीसुद्धा.

शिवाय मी तिला सांगितलं, ‘बंड्याला एकदा तुमच्या डॉक्टरांना दाखवून आण.’ कान दुखत असेल, अंगावर गोचीड असतील, तरी झोप उडते आणि चिडचिड होते. सगळं खापर टायगरच्या डोक्यावर कशाला?

आणि शेवटी एक काम दिलं. ‘एक वही कर. चार रात्री टायगर किती वाजता सुरू होतो आणि किती वाजता थांबतो, ते लिहून काढ. तू मात्र जागायचं नाहीस हं! बाबांना सांग.’

पंधरा दिवसांनी दुसरं पत्र आलं. बंड्याच्या कानात खरंच थोडी सूज होती. औषध सुरू झालं होतं. आतल्या खोलीत तो थोडा बरा झोपत होता. पण खरी गंमत वहीत होती. बाबांनी लिहिलं होतं : पहिली रात्र, ११ वाजून १० मिनिटं. दुसरी रात्र, ११ वाजून ५ मिनिटं. तिसरी रात्र, १०.५०. चौथी, ११.१५. आणि चारही दिवशी शेजारी एकच शेरा : ‘काकूंच्या घरातला दिवा बंद झाला. टायगर सुरू.’

म्हणजे चोर नाही, मांजर नाही, रस्त्यावरची कुत्रीही नाहीत. घर झोपलं की टायगर एकटा पडायचा!

मुलीने खाली लिहिलं होतं, ‘काका, काकूंचा दादा जूनमध्ये शिकायला पुण्याला गेला. टायगर त्याच्याच खोलीत झोपायचा. मला हे माहीत होतं, पण माझ्या लक्षातच आलं नाही.’

दोस्तांनो, ही ओळ वाचून मी थोडा वेळ गप्पच बसलो. का, ते सांगतो.

मी तुमच्याएवढा असताना आम्ही पुण्यात एका वाड्यात राहायचो. आमच्याकडे राजा नावाचा कुत्रा होता. समोरच्या बिऱ्हाडातला काळू रात्री फार ओरडायचा. आमच्या राजाची झोपमोड होते म्हणून आम्ही पोरांनी काळूवर पाणी ओतलं, खडे मारले. मग मोठी माणसंही भांडली. एके दिवशी सकाळी काळू दिसेना. त्याला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून आले होते. राजा त्या रात्री छान झोपला. मला मात्र बरेच दिवस झोप आली नाही. काळू का ओरडत होता, हे आम्हा एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

म्हणून मी त्या मुलीला लगेच लिहिलं, ‘काकूंकडे जा. पण रात्री नाही, आणि चार लोकांसमोर तर नाहीच. रविवारी सकाळी आईबरोबर जा. तक्रार घेऊन जाऊ नकोस. विचारायला जा.’

आईबाबांसाठीही इथे दोन शब्द. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार कुत्र्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून आणणं ही मालकाची जबाबदारी आहे. हे माहीत असावं. पण शेजाऱ्याच्या दारात पहिलं पाऊल कायद्याचं नको. कायदा दाखवला की पुष्कळदा मालक सुटतो आणि कुत्रा घराबाहेर जातो. बोलूनही काहीच झालं नाही, कुत्र्याचे हाल चालूच राहिले, तर मात्र प्राणीमित्र संस्थेची मदत जरूर घ्या.

तिसरं पत्र गणपतीनंतर आलं. आई आणि ती काकूंकडे गेल्या होत्या. काकू आधी जरा घुश्शात होत्या. त्यांना वाटलं, भांडायलाच आल्या. मग वही बघितली आणि त्यांचे डोळेच भरून आले. काकूंचे गुडघे दुखतात, त्यांना टायगरला फिरवायला जमत नाही. दादा गेल्यापासून त्याची खोली बंद आणि टायगर गॅलरीत. ‘तोही माझ्यासारखाच वाट बघतोय गं,’ काकू म्हणाल्या.

आता टायगर काकूंच्या पलंगाशेजारी झोपतो. अंथरुणात दादाचा एक जुना, न धुतलेला शर्ट ठेवलाय. संध्याकाळी बाबा बंड्याला आणि ही मुलगी टायगरला घेऊन निघतात. पहिले काही दिवस दोघांना रस्त्याच्या दोन कडांनी चालवलं, मग हळूहळू जवळ आणलं. सगळं एकदम छान झालं, असं मात्र समजू नका. आठवड्यातून एखाद्या रात्री टायगर अजून रडतो. आणि सकाळी घंटागाडी आली की दोघे मिळून गल्ली डोक्यावर घेतात! पण बंड्याला गावी सोडायचं नाव आता कोणी काढत नाही.

पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं, ‘काका, मी तुम्हाला टायगरला गप्प कसं करायचं ते विचारलं होतं. तुम्ही सांगितलंच नाहीत!’

खरंच की. राहूनच गेलं!

तुमच्या शेजारी एखादं जनावर रात्री ओरडतं का? मग चार दिवसांची वही करा आणि मला पाठवा. पाकिटावर ‘शेपटीवाले सोबती’ असं लिहायला विसरू नका.

तुमचा,
डॉक्टरकाका