रयत, ग्राहक आणि भागीदार

बेंगळूरुच्या पूर्वेकडचे महादेवपुरा 2007 पर्यंत स्वतंत्र नगरपालिकेचे गाव होते. आज तिथे सॉफ्टवेअर कंपन्यांची काचेची संकुले आहेत आणि त्यांना लागूनच, नवी संकुले उभारणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या वसाहती. निवृत्तीनंतर मी मुलीकडे या भागात राहायला आलो. गेल्या वर्षी पित्ताशयातील खड्यांवर शस्त्रक्रिया करून घेण्याची वेळ आली, तेव्हा जवळच्याच एका खासगी रुग्णालयात या दोन्ही महादेवपुऱ्यांची गाठ पडली.

तपासण्यांच्या रांगेत माझ्या एका बाजूला एक तरुण संगणक अभियंता होता. आपले सगळे अहवाल त्याने मोबाइलमध्ये साठवले होते आणि डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी तयार ठेवली होती. दुसऱ्या बाजूला बीदर जिल्ह्यातील भालकी तालुक्यातून आलेला, मराठी बोलणारा एक बांधकाम मजूर होता. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी मुकादमाने त्याला आणून बसवले होते आणि त्याचे कागद मुकादमाच्या पिशवीत होते. आम्हा तिघांनाही इंग्रजीतला एकच संमतीपत्राचा नमुना मिळाला. अभियंत्याने तो चाळून सही केली. मीही केली. मजुराने अंगठा पुढे केला, तेव्हा मी त्याला थांबवले आणि मजकूर मराठीत सांगितला. शांतपणे ऐकून घेऊन त्याने एवढेच विचारले, ‘‘सायेब, ह्याच्यानंतर वझं उचलायला किती दिस लागतील?’’

भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, खर्च, सगळे त्या चार पानांत होते. या एका प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्याच्या दृष्टीने मात्र शस्त्रक्रियेचा निर्णय त्यावरच अवलंबून होता.

या प्रसंगाने मला माझ्याच नोकरीची आठवण झाली. राजपत्रित अधिकारी म्हणून मी हजारो कागद साक्षांकित केले. सही केली, शिक्का उमटवला. पण प्रत्येक कागदातील मजकूर वाचला होता, असे छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. सही झाली म्हणजे काम झाले, ही सरकारी कचेरीतली समजूत आता रुग्णालयांतही रुजली आहे. रुग्ण हा उपचारातील भागीदार असावा, असे धोरणांच्या दस्तऐवजांत आपण आवर्जून लिहितो. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला येते ती भागीदारी की केवळ सही, हा प्रश्न आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या प्रश्नाचे तीन टप्पे दिसतात. पहिला टप्पा रयतेचा. ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू असताना गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरे तपासली, संशयितांना उचलून नेले. 22 जूनला रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या मोहिमेमागचा वैद्यकीय हेतू सर्वस्वी चुकीचा नव्हता. विलगीकरणाची गरज होतीच. पण ज्यांच्या शरीराचा प्रश्न होता, त्यांना समजावून सांगणे सरकारला आवश्यक वाटले नाही. त्याच साथीत, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. 10 मार्च 1897 रोजी त्यांचाही प्लेगनेच मृत्यू झाला. साथ एकच होती, रुग्णाकडे पाहण्याच्या दृष्टी मात्र दोन होत्या. शासनाने कायद्याच्या पुस्तकात टिकवली ती पहिली. तो 1897 चा कायदा आपण 2020 मध्ये पुन्हा बाहेर काढला, हे विसरू नये.

दुसरा टप्पा ग्राहकाचा. 13 नोव्हेंबर 1995 रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. रुग्णाला दाद मागण्याची जागा मिळाली, हा मोठाच लाभ होता. पण सर्वांना विनामूल्य सेवा देणारी रुग्णालये या कक्षेबाहेर राहिली. म्हणजे पैसे मोजणारा ग्राहक झाला आणि सरकारी दवाखान्याच्या रांगेतला माणूस बव्हंशी रयतच राहिला. शिवाय ग्राहकाचे नाते मुळात संशयाचे असते. रुग्ण पुरावा गोळा करतो, तर डॉक्टर बचावासाठी कागद जमवतो. संमतीपत्राची पाने वाढण्याचे एक कारण हेही आहे. माझ्या शेजारचा अभियंता उत्तम ग्राहक होता. तो भागीदार होता असे मी म्हणणार नाही, कारण त्याच्या यादीतल्या प्रश्नांसाठी डॉक्टरांना जेमतेम तीन मिनिटे मिळाली.

तिसऱ्या टप्प्याची, भागीदाराची, पायाभरणी न्यायालयांनी केली आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यातील 44 वर्षांच्या अविवाहित महिलेने दुर्बिणीद्वारे तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढले. 16 जानेवारी 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचा सद्हेतू मान्य करूनही निकाल दिला, की सज्ञान आणि सक्षम व्यक्तीच्या वतीने, तातडीचा धोका नसताना, आईलाही संमती देता येणार नाही. तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे. उपचाराचे स्वरूप, पर्याय, धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णाला सांगितलेच पाहिजेत. ‘‘त्यांना काही सांगू नका, आमच्याशी बोला,’’ असे डॉक्टरांच्या कानात सांगणाऱ्या आपल्या कुटुंबवत्सल समाजाने हा निकाल अजून पुरता पचवलेला नाही.

त्यापुढचे पाऊल 9 मार्च 2018 चे. कॉमन कॉज खटल्यात न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा अधिकार आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजेच ‘लिव्हिंग विल’, यांना मान्यता दिली. केईएम रुग्णालयात चार दशकांहून अधिक काळ अचेत पडून राहिलेल्या अरुणा शानबाग यांच्याविषयी 2011 मध्ये निर्णय देताना, त्यांची स्वतःची इच्छा काय, हे विचारण्याचा मार्गच नव्हता. 2018 च्या निकालाने तो मार्ग दिला. 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने तो सुकर केला. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीऐवजी आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. गोव्यात मे 2024 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा असा निर्देश नोंदवून पायंडा पाडला. महाराष्ट्रात डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात पाठपुरावा केल्यानंतर हे दस्तऐवज जतन करणारे अधिकारी नेमले गेले. कर्नाटकच्या आरोग्य खात्याने 30 जानेवारी 2025 रोजी परिपत्रक काढून रुग्णालयांना वैद्यकीय मंडळे स्थापन करण्यास सांगितले.

या परिपत्रकाचे मी स्वागत करतो. तरी एक विसंगती खटकते. मरणाच्या दारातील रुग्णासाठी आपण दोन वैद्यकीय मंडळे, साक्षीदार आणि नामनिर्देशित व्यक्ती अशी काळजीपूर्वक रचना केली. पण ज्याला अजून तीस वर्षे जगायचे आहे, ओझी उचलायची आहेत, त्याच्या इच्छेसाठी आपल्याकडे इंग्रजीतील चार पाने आहेत. कायद्याची उणीव आहे असेही नाही. कर्नाटकने 2017 मध्ये, डॉक्टरांचा संप ओढवून घेत, खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली आणि रुग्णांची सनद त्यात समाविष्ट केली. महाराष्ट्राने जानेवारी 2021 मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत तेच केले. रुग्णाने मागितल्यास कागदपत्रे 72 तासांत द्यावीत, हा नियम तर 2002 पासून आहे. सनद भिंतीवर लागली. भिंतीवरून ती संभाषणात उतरलेली नाही.

भागीदारी ही शिकल्या-सवरलेल्यांचीच मिरास आहे, सामान्य रुग्णाला ती झेपणार नाही, असा आक्षेप मी सेवेत असताना अनेक बैठकांत ऐकला आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वीच दिले. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले आणि गावांनीच निवडलेल्या, अनेकदा निरक्षर आणि दलित समाजातील स्त्रियांना आरोग्यसेविका बनवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारून दवाखाना उभारला. नातेवाइकांनाही राहता येईल अशा झोपड्यांचा तो दवाखाना दंतेश्वरी देवीच्या नावाने ओळखला जातो. आरोग्यसेवेच्या आखणीत आणि अंमलबजावणीत सहभागी होणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असे अल्मा-आटाच्या जाहीरनाम्याने 1978 मध्ये म्हटले. जामखेडला ते आधीच ठाऊक होते. तिथे अक्षरओळख नव्हती. ऐकून घेणारे होते.

डॉक्टरांची बाजूही न्याय्य आहे. एका सकाळी शंभर रुग्ण तपासणाऱ्याकडून सविस्तर संभाषणाची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावर आणखी एक ओझे लादणे होय. म्हणूनच हा शिष्टाचाराचा नव्हे, मनुष्यबळाचा आणि अंदाजपत्रकाचा प्रश्न आहे. मला तीन गोष्टी करण्याजोग्या वाटतात. एक, तातडीची नसलेली शस्त्रक्रिया असेल तर संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत आणि किमान आदल्या दिवशी द्यावे. महादेवपुऱ्यासारख्या भागात कन्नडबरोबरच हिंदी, तेलुगू, तमिळ, बंगाली, उडिया आणि मराठी नमुने ठेवणे अवघड नाही. दोन, सहीपूर्वी प्रशिक्षित समुपदेशकाने रुग्णाला समजलेले त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे आणि ते नोंदवावे. सरकारी विमा योजनांच्या दरपत्रकात या वेळेचे मोल धरावे. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम रुग्णालयात होत नाही. तीन, कागदपत्रे रुग्णाच्या हाती द्यावीत; मुकादमाच्या पिशवीत नव्हे.

भालकीच्या त्या मजुराचा प्रश्न मी डॉक्टरांपर्यंत पोहोचवला. तो तरुण शल्यचिकित्सक स्वतः बाहेर आला, शेजारच्या खुर्चीवर बसला आणि माझ्या मध्यस्थीने दहा मिनिटे बोलला. काही आठवडे जड ओझे उचलता येणार नाही, हे ऐकल्यावर मजूर म्हणाला, मग दिवाळीत गावी जाईन तेव्हा करू. तोवर मुकादम हलके काम देईल का, एवढे विचारतो. तपासून पाहता तेवढे थांबण्यात धोका नव्हता. डॉक्टरांनी कोणती लक्षणे दिसल्यास ताबडतोब यायचे ते समजावले आणि त्याच्याकडून म्हणवून घेतले. त्या दिवशी त्याचा अंगठा कुठेच उमटला नाही. तरीही सबंध रांगेत खऱ्या अर्थाने संमती देणारा तोच एक होता.

शस्त्रक्रियेनंतर मी माझा आगाऊ निर्देश तयार केला. नोटरीकडे चार मिनिटे लागली. त्याआधी मात्र मुलगी आणि जावई यांच्याशी दोन संध्याकाळी बोलावे लागले: मला कशाची भीती वाटते, काय नको, कोणत्या अवस्थेत जगणे मला जगणे वाटणार नाही. त्या बोलण्यात एकदा मुलगी उठून आत गेली आणि थोड्या वेळाने परत येऊन बसली. कागदावरची सही माझी आहे. तो कागद उद्या काही कामाचा ठरला, तर त्या दोन संध्याकाळींमुळे ठरेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)