खालच्या गावाची हरकत

क्लोद मोनेच्या कुमुदिनींची चित्रं जगात कुठेही मांडली जावोत, त्यांच्यासोबत एक किस्सा हटकून सांगितला जातो. 1893 साली मोनेने जिव्हर्नी गावात रेल्वेरुळांपलीकडची जमीन घेतली. तिथे तळं करायचं, एप्त नदीच्या फाट्याचं पाणी त्यात फिरवायचं, पाणवनस्पती लावायच्या, असा बेत. गावाने हरकत घेतली. ही परमुलखातली झाडं पाणी नासवतील. खालच्या अंगाला आमचे कपडे धुतले जातात, गुरं पाणी पितात. ऐकणारे हसतात. एकीकडे थोर चित्रकार, दुसरीकडे अडाणी खेडूत. मग मंडळी पुढच्या चित्राकडे सरकतात.

इंदापूरच्या माणसाने इथे हसू नये.

ऊस आणि डाळिंबाच्या पैशावर युरोप पाहून आलेली घरं आता बारामती-इंदापुरातही आहेत. पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात कुमुदिनींची दोन लंबगोल दालनं आहेत. दोन मीटर उंचीची आठ चित्रं भिंतींच्या वळणाने जातात. नुसतं पाणी. काठ नाही, क्षितिज नाही. नीरा डाव्या कालव्याच्या टेलला ज्याचं शेत आहे, तो तिथे उभा राहिला तर त्याला प्रश्न पडायला हवा, की हे पाणी आलं कुठून आणि पुढे कुणाकडे गेलं. एरवी हा प्रश्न त्याला शिकवावा लागत नाही. आवर्तन सुटलं की वरच्या चाऱ्या आधी भरतात, हे त्याच्या घरातलं लहान मूलही जाणतं. संग्रहालयात मात्र तो हा प्रश्न बाहेर ठेवून आत जातो. पाण्याकडे बघताना आपण शेतकरी आहोत हे विसरणं म्हणजेच रसिकता, असं त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं.

हरकतीत तथ्य किती होतं ते पाहावं. मोने चिडला. जुलैमध्ये त्याने प्रिफेक्टला, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्याच्या जागी असलेल्या अधिकाऱ्याला, पत्र लिहिलं. आपल्या नदीकाठी आपोआप उगवतात तसलीच झाडं मी लावणार आहे, पाणी विषारी होण्याचा प्रश्नच येत नाही, असा त्याचा खुलासा. त्याच महिन्यात परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी त्याने लातूर-मार्लियाक यांच्या रोपवाटिकेतून कुमुदिनी मागवल्या. युरोपातल्या पांढऱ्या कुमुदिनीचा अमेरिकेतल्या जातींशी संकर करून या रोपवाटिकेने रंगीत वाण काढले होते. एप्तच्या काठी ते आपोआप उगवत नव्हते. पाणी नासलं नाही, हे खरंच. पण परकी झाडं येणार हा गावाचा अंदाज चुकला नव्हता. मोनेचा खुलासा जरा सोयीचा होता. किस्सा सांगणारे हा भाग सहसा गाळतात.

परक्या झाडाने पाणी नासतं का, याचं उत्तर जिव्हर्नीला मिळालं नाही. ते आपल्याला मिळालं. त्याच सुमारास, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दक्षिण अमेरिकेतली एक पाणवनस्पती शोभेसाठी म्हणून भारतात आणली गेली. फूल जांभळट, देखणं. तळ्यात ठेवावं असं. तीच आपली जलपर्णी. मुळा-मुठेतून, इंद्रायणीतून, भीमेतून ती उजनी धरणाकडे येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी हे तिचं खत. भिगवणच्या पाणफुगवट्यात मासेमाराची होडी तिच्यात अडकते, जाळं तिच्यात गुंततं, तिच्याखालच्या पाण्यातला प्राणवायू कमी होतो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी शेवाळाने हिरवं होतं. कॅनव्हासवरच्या अशाच हिरव्यापुढे लोक हात मागे बांधून उभे राहतात.

मोने वाईट चित्रकार होता, असं कुणी म्हणत नाही. प्रश्न त्या हरकतीचा आहे. जिव्हर्नीच्या गावकऱ्यांनी पाणी किती जाणार एवढंच विचारलं नाही. पाणी कसलं येणार, हे विचारलं. आणि झाड लावण्याआधी विचारलं.

आपल्याकडे हरकत टीएमसीत घेतली जाते. 2021 च्या एप्रिलमध्ये उजनीतलं 5 टीएमसी पाणी इंदापूरला देण्याचा आदेश निघाला. सोलापुरातून एकच ओरड झाली आणि मे महिन्यात आदेश मागे घेतला गेला. खालच्या अंगाची हरकत तेव्हा इंदापूरला गोड लागली नाही. टेलला बसून वरच्यांना बोल लावणारा तालुका त्या महिन्यात स्वतः वरच्या अंगाला होता. पण त्याहून बोलकी गोष्ट वेगळीच होती. हे पाणी म्हणजे पुण्याहून उजनीत येणारं सांडपाणीच आहे, धरणाच्या मूळ हिशेबातलं नाही, असा युक्तिवाद उघडपणे केला गेला. सांडपाणी हा शब्द तिथे तक्रार म्हणून आला नाही. हक्काचा पुरावा म्हणून आला. सोलापूरनेही उत्तर हिशेबातच दिलं. कुणाच्या वाटणीचं पाणी यावर दोन जिल्हे हमरीतुमरीवर आले. त्या पाण्यात काय आहे, यावर तितका आवाज कुणाचाही चढला नाही.

कारण पाण्याचा आकडा मागता येतो, वाढवून घेता येतो, निवडणुकीत सांगता येतो. पाण्याच्या वासाचं काय करणार? तो वरून येतो, तो कुणी पाठवला याचा अर्ज नसतो, त्यावर हरकती मागवल्याची नोटीस नसते. जलपर्णी काढण्याची निविदा तेवढी निघते. शहराने नदीत काय सोडावं हे खालच्या गावाला विचारायचं असतं, ही कल्पनाच आपल्याला जिव्हर्नीच्या किश्श्याइतकी हास्यास्पद वाटते.

त्या किश्श्यातला खरा आश्चर्याचा भाग गावकऱ्यांचा अडाणीपणा नाहीच. खाजगी जमिनीवर, स्वतःच्या पैशाने, शोभेचं एक तळं करायचं होतं. त्यासाठी अर्ज लागला. गावाला बोलू दिलं गेलं. गावाचं म्हणणं खोडून काढायला एका चित्रकाराला बसून खुलासा लिहावा लागला. मार्चमधल्या अर्जाचा निकाल जुलैमध्ये लागला. आठ वर्षांनी, 1901 साली, मोनेला तळं वाढवायचं होतं. एव्हाना त्याची चित्रं अमेरिकेत विकली जात होती, पैसा होता, नाव होतं. पाणी वळवायला त्याला पुन्हा परवानगी घ्यावी लागली.