‘रामाला भाला मारा’ पायथनला का कळत नाही?

पॅलिन्ड्रोमचं प्रॅक्टिकल तुम्हीही केलं असेल. इंग्रजी ‘मॅडम’ची अक्षरं सुटी करायची, उलटी लावायची, उत्तर ‘ट्रू’. जर्नलवर सही, विषय संपला!

आता त्याच प्रोग्रामला, मधल्या जागा काढून, ‘रामाला भाला मारा’ द्या. शाळेपासून पाठ असलेलं वाक्य. उलट वाचलं तरी तेच. पण पायथन म्हणतो, ‘फॉल्स’!

कारण सोपं आहे. आपल्यासाठी ‘रा’ हे एक अक्षर. पायथन मात्र स्ट्रिंग तोडतो युनिकोडच्या कोड पॉइंटवर: ‘र’ वेगळा, काना वेगळा. उलटवलं की काना ‘र’च्या आधी येऊन बसतो. ‘क्षितिज’ची अक्षरं तीन, पण ‘लेन’ मोजतं सात.

म्हणूनच म्हणतो, आपण तोडायला शिकतो. कुठे तोडायचं, ते शिकत नाही. उद्या ॲप तुम्हीच बनवणार. दहा अक्षरांनंतर नाव कापताना कुणाची वेलांटी गळली, तर दोष मशीनला देऊ नका.

उपाय आहे. ‘रेजेक्स’ लायब्ररीतला ‘बॅकस्लॅश एक्स’ हा पॅटर्न काना-वेलांटी अक्षराला चिकटलेलीच ठेवतो. जोडाक्षर न तोडण्याचा नियम मात्र युनिकोडमध्ये २०२३ साली, १५.१ आवृत्तीत आला. तेव्हा जुन्या लायब्ररीवर डोळे झाकून विसंबू नका.

पुढचं प्रॅक्टिकल स्वतःचं नाव मराठीत टाकून करून बघा. सही त्यानंतर घ्या.