ग्रीन कार्ड आधी की लग्न आधी?

परवा एका साखरपुड्याला गेलो होतो. मुलगा अमेरिकेत, एच-१बी व्हिसावर. पंगतीत मुलीचे वडील खुशीत सांगत होते, "ग्रीन कार्ड आता आल्यासारखंच आहे. ते हातात पडलं की बार उडवून देऊ."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, उलटं करताय. लग्न आधी करा."

मी पत्रिकेत मंगळ काढल्यासारखं सगळ्यांनी बघितलं. पत्रकाराला शुभकार्यातही खोटच दिसते, असं कुणीतरी म्हणालं. तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे लिहितोय. मी वकील नाही, पण माझ्या मावसबहिणीच्या मुलीपायी हे सगळं वाचावं लागलंय.

तिच्या नवऱ्याला ग्रीन कार्ड मिळालं आणि चार महिन्यांनी लग्न झालं. पंधरा दिवसांनी तो परत गेला. 'आता जायचंच आहे' म्हणून घरच्यांनी तिला बँकेतली नोकरी सोडायला लावली. नवऱ्याने रीतसर आय-१३० अर्ज भरला आणि मग कळलं, रांग आहे.

गंमत बघा. एच-१बीवाल्याच्या बायकोला एच-४ व्हिसा मिळतो, नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची वाट बघावी लागत नाही. पुढे कायमचं राहायची इच्छा असली तरी या व्हिसांना ती आड येत नाही. लग्न ग्रीन कार्डाच्या आधीचं असेल तर नवऱ्यासोबत किंवा त्याच्या मागोमाग बायकोलाही कार्ड मिळू शकतं. अमेरिकन नागरिकाच्या बायकोला वार्षिक संख्येची मर्यादा नाही, कागदपत्रांना लागेल तेवढा वेळ. लोंबकळतो तो ग्रीन कार्ड मिळाल्यावर बोहल्यावर चढणारा. त्याची बायको एफ२ए नावाच्या रांगेत. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन उघडायचं आणि तारीख बघायची. ती कधी पुढे सरकते, कधी चक्क मागे येते. आणि आपल्याकडे स्थळ बघताना भाव कुणाला जास्त? ग्रीन कार्डवाल्याला!

"मामा, कायमचं राहू दे, दिवाळीला तरी जाऊन येते," पोरगी म्हणाली. व्हिजिटर व्हिसाचा अर्ज भरला, १८५ डॉलर भरले. ते परत मिळत नाहीत. फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो, तुमच्यासाठी कुणी इमिग्रेशनचा अर्ज केलाय का? तिने 'हो' लिहिलं. खिडकीवर दोन-तीन प्रश्न झाले. नवरा कुठे असतो? तुम्ही काय करता? मग हातात २१४(बी) कलमाची चिठ्ठी. १९५२ च्या कायद्यातलं हे कलम. व्हिजिटर म्हणून येणारा माणूस कायमचाच राहायला येतोय असं धरून चालायचं, तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. अर्ज प्रलंबित आहे म्हणून भेटीला बंदी, असं कुठे लिहिलेलं नाही. पण ही परत येईल हे पटवायला तिच्याकडे होतं काय? नोकरी तर आम्हीच सोडायला लावलेली.

तिकडे आय-१३० च्या फाइलला पुरावे लागतात की लग्न खरं आहे. लग्नाचे फोटो, एकत्र प्रवास, फोनच्या नोंदी. म्हणजे एका टेबलावर संसार खरा आहे हे सिद्ध करायचं आणि दुसऱ्या टेबलावर त्याच खऱ्या संसारामुळे नकार घ्यायचा.

एका एजंटने सल्ला दिला, "दुसऱ्यांदा भरताना 'नाही' लिहा, कोण बघतंय?" पोरीने ऐकलं नाही, शहाणी ठरली. असं खोटं पकडलं गेलं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. असे सल्ले देणारे आपल्या तालुक्यातही आहेत, नावं तुम्हाला माहीत आहेत.

व्हिजिटर म्हणून जाऊन तिथेच राहणारे असतात, हे मान्य. कुणाला आत घ्यायचं हे ठरवायचा त्या देशाला हक्क आहे. पण कॅनडाच्या २००१ च्या कायद्यात २२ व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की कायमचं राहायची इच्छा आहे एवढ्यावरून तात्पुरता प्रवेश नाकारता येत नाही, फक्त मुदतीत परत जाल हे अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. मे २०२३ मध्ये त्यांनी अशा नवरा-बायकोंचे व्हिजिटर अर्ज लवकर निकाली काढण्याची घोषणाही केली. खुद्द अमेरिकेने डिसेंबर २००० मध्ये एफ२एच्या रांगेत तीन वर्षं थांबलेल्यांसाठी 'व्ही' व्हिसा आणला होता. पण २१ डिसेंबर २००० पर्यंत अर्ज झालेल्यांपुरताच. नंतरच्यांसाठी काही नाही. म्हणजे मार्ग काढता येतो हे त्यांनाही ठाऊक आहे.

एच-१बीचं खुट्ट झालं की आम्ही पहिल्या पानावर छापतो. या रांगेतल्या बायकांवर मी स्वतः आजवर एक ओळ लिहिली नव्हती.

काल रात्री साडेदहाला अण्णांचा फोन आला. आवाज उतरलेला. "अहो पत्रकार, मुलगा दिवाळीत दहा दिवस येतोय. तेवढ्यात रजिस्टर लग्न होईल का?" म्हटलं, विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस लागते, त्यापेक्षा घरच्या घरी विधी करून मग नोंदणी करा. पण आधी मुलाला त्याच्या वकिलाशी बोलायला सांगा. "आणि पोरीची नोकरी?" त्यांनी विचारलं.

तिने राजीनामा कालच टाईप केलाय म्हणे. अजून दिलेला नाही.