सॉफ्टवेअर प्रकल्पाची नाडी कुठे पाहायची?

१४ मार्च २०१० रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य खात्यात पगाराची नवी संगणकप्रणाली सुरू झाली. खात्यात सुमारे ८० हजार माणसे कामाला. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, सफाई कर्मचारी, स्वयंपाकघरातली मंडळी. नव्या प्रणालीतून पगार निघाले तेव्हा कुणाच्या खात्यात कमी पैसे जमा झाले, कुणाच्या जास्त, तर काहींच्या खात्यात काहीच आले नाही. ज्यांना जास्त मिळाले त्यांच्यामागे पुढे वसुली लागली. तिकडे पगार पंधरवड्याला होतो. त्यावर घराचा हप्ता आणि किराणा बसवलेल्या माणसाचे काय झाले असेल, ते नोकरदाराला समजावून सांगायला नको.

पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. माजी न्यायमूर्ती रिचर्ड चेस्टरमन यांनी २०१३ मध्ये अहवाल दिला आणि देशातील सार्वजनिक कारभाराच्या सर्वांत मोठ्या अपयशांत या प्रकरणाची गणना केली. प्रणाली उभारण्याचा मूळ करार होता सुमारे ६२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा. ती दुरुस्त करून चालवत ठेवण्याचा अनेक वर्षांचा एकूण खर्च १२० कोटी डॉलरच्या घरात जाईल, असा अंदाज नंतर मांडला गेला. पगाराच्या सॉफ्टवेअरवर इतका पैसा गेला आणि हे खाते रुग्णालये चालवणारे होते.

आरोग्याच्या सदरात ही गोष्ट कशाला, असे कुणी विचारेल. कारण क्वीन्सलँडमध्ये चुकले ते मुळात निदान. प्रकल्प आजारी आहे हे सुरू होण्याआधीच दिसत होते. तपासणी झाली होती, लक्षणे कागदावर नोंदलेली होती. तरीही रोग्याला धडधाकट असल्याचा दाखला मिळाला.

तो कसा मिळाला, हे पाहण्यासारखे आहे. अशी प्रणाली सुरू करण्यापूर्वी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून तिची चाचणी घेतात. सापडलेल्या दोषांची तीव्रतेनुसार वर्गवारी होते आणि गंभीर दोष शिल्लक असतील तर पुढे जायचे नाही, असे आधीच ठरलेले असते. क्वीन्सलँडच्या चाचणीत दोष संपता संपेनात. चाचणी घेणाऱ्यांनी इशारेही दिले. तेव्हा दोष दुरुस्त होण्याची वाट न पाहता ‘गंभीर’ या शब्दाची व्याख्याच सैल करण्यात आली. कालपर्यंत गंभीर असलेले दोष खालच्या वर्गात गेले आणि चाचणी ‘उत्तीर्ण’ झाली. जुन्या आणि नव्या प्रणालीतून सर्व कर्मचाऱ्यांचा पगार समांतर काढून पैशापैशाने ताडून पाहणे ही साधी खात्री, तीही पूर्णपणे झाली नाही.

रुग्णाचे हिमोग्लोबिन सात आले म्हणून प्रयोगशाळेने सामान्य मर्यादा साडेसहावर आणावी, तसा हा प्रकार. रिपोर्टवर लाल अक्षर उरणार नाही, पण जिना चढताना रुग्णाला लागणारी धाप तशीच राहील.

हे करणारी माणसे मूर्ख किंवा लबाड होती, असे समजून मोकळे होणे सोपे आहे. परिस्थिती तशी नव्हती. जुन्या प्रणालीला मिळणारा तांत्रिक आधार २००८ मध्येच संपला होता आणि ती कधीही कोसळेल अशी धास्ती होती. नवी प्रणाली सुरू करण्याची तारीख अनेकदा पुढे गेली होती. पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही अडकलेली. खात्यातील पगाराचे नियमही असे की दोनशेहून अधिक प्रकारचे भत्ते आणि वेतनाच्या चोवीस हजारांवर वेगवेगळ्या जुळण्या. हे गुंतागुंतीचे जाळे आधी नीट समजून न घेताच काम हाती घेतले गेले होते. इतके गळ्याशी आले की माणूस रिपोर्ट वाचायचे सोडून रिपोर्ट घडवू लागतो. रुग्णालयातही हे पाहायला मिळते. खूप मेहनत घेतलेल्या रुग्णाची तब्येत बिघडते आहे, हे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरलाच सर्वांत उशिरा मान्य होते. म्हणून तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायचे असते.

सुरू झाल्यानंतरची स्थिती आणखी बोलकी आहे. ती प्रणाली बंद पडली नव्हती. पगार निघत होते. फक्त ते निघावेत म्हणून हजारावर कर्मचारी राबत होते. दर पंधरवड्याला सरासरी ९२ हजार अर्ज आणि हाताने कराव्या लागणाऱ्या दोन लाखांवर प्रक्रिया, असा हिशेब नंतरच्या तपासणीत निघाला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची छातीही नियमित वरखाली होते. म्हणून ‘प्रणाली चालू आहे का?’ हा प्रश्न अपुरा. ती चालती ठेवायला किती माणसांचा श्वास लागतो, हे विचारायला हवे.

प्रकल्पाच्या बैठकांमध्ये मात्र पडद्यावर दिसतात ते ठिपके. हिरवा, पिवळा, लाल. प्रत्येक विभागापुढे एक. ‘ऐंशी टक्के काम पूर्ण’ हे वाक्य महिनोन्‌महिने ऐंशीवरच असते. हे ठिपके देणारा बहुधा प्रकल्पाचाच माणूस असतो, म्हणजे पेशंटने स्वतःच स्वतःचा चार्ट भरायचा. ठिपके पाहू नयेत असे नाही. पण नाडी मनगटावर पाहायची असते आणि इथे मनगट म्हणजे वॉर्ड, ओपीडीची खिडकी, औषधांचा स्टोअर, पगारबिल करणाऱ्या लिपिकाचे टेबल.

तिथे काय पाहायचे? पहिली गोष्ट रजिस्टर. संगणक येऊन वर्ष झाले तरी सिस्टर जर आधी रजिस्टरमध्ये लिहीत असतील आणि ड्युटी संपताना तेच पुन्हा संगणकात भरत असतील, तर प्रणालीवर कुणाचाच भरवसा बसलेला नाही. हे कामचुकारपणाचे लक्षण नसते, उलट ती माणसे दुप्पट काम करत असतात. दुसरी गोष्ट वेळ. सकाळी दहाला दिलेल्या इंजेक्शनची, दुपारी दोनच्या तापाची आणि पाचच्या रक्तदाबाची नोंद संगणकात पावणेआठला एका दमात झालेली दिसली, तर ती नोंद उपचारासाठी केलेली नाही, हजेरी लावण्यासाठी केलेली आहे. तिसरी गोष्ट लॉगिन. अख्ख्या वॉर्डला एकच पासवर्ड आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलेला असेल, तर प्रत्येकाला वेगळे लॉगिन दिल्याचा अहवाल कितीही नेटका असो, कोणते औषध कुणी दिले हे ती प्रणाली कधीच सांगू शकणार नाही. आणि निदानाच्या रकान्यात निम्म्या रुग्णांपुढे ‘इतर’ हा एकच शब्द असेल, तर यादी चुकली आहे किंवा रांग इतकी लांब आहे की योग्य पर्याय शोधायला कुणाला सवड नाही. त्या आकडेवारीवर उद्या कुणी साथीचा अंदाज बांधणार असेल तर देव त्याचे भले करो.

यातले एकही लक्षण ठिपक्यांच्या पडद्यावर दिसत नाही आणि एकासाठीही महागडा सल्लागार लागत नाही. अर्धा दिवस वॉर्डात उभे राहावे लागते.

तक्रारींबाबत एक सावधगिरी. ‘पहिल्या महिन्यात पाचशे तक्रारी होत्या, आता वीसवर आल्या’ हे वाक्य आनंदाने सांगितले जाते. कधी ते खरेच चांगले असते. पण दम्याचा तीव्र झटका आलेल्या रुग्णाच्या छातीतली शिट्टी अचानक थांबली, तर अनुभवी डॉक्टर सुटकेचा नि:श्वास टाकत नाही, धावतो. हवा आत-बाहेर जाणेच जवळपास थांबल्यामुळे आवाज बंद झालेला असू शकतो. तक्रारी कमी झाल्या त्या दोष दुरुस्त झाले म्हणून की लोकांनी सांगायचे सोडून आडवाटा शोधल्या म्हणून, हे रजिस्टर आणि नोंदींच्या वेळा पाहिल्यावर कळते.

‘नवीन काहीही आले की सुरुवातीला त्रास होतोच’ असेही सांगितले जाते. बरोबर आहे. हात बसायला वेळ लागतो. पण शिकण्याचा त्रास आठवड्यागणिक उतरत जातो. तापाच्या तक्त्यासारखी ती रेघ काढून पाहावी. एक केसपेपर निघायला पहिल्या आठवड्यात किती मिनिटे लागली, चौथ्यात किती, दहाव्यात किती? रेघ खाली येत नसेल तर तो त्रास शिकण्याचा नाही, रचनेचा आहे, आणि प्रशिक्षणाचा आणखी एक वर्ग घेऊन तो जाणार नाही.

पगार चुकला तर निदान भरपाई करता येते. उपचारांच्या प्रणालीत तशी सोय नसते. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात औषधे आणि तपासण्यांचे आदेश संगणकावरून देण्याची प्रणाली सहा दिवसांत सर्वत्र लागू केली गेली. इतर ठिकाणांहून तातडीने हलवलेल्या बालकांमधील मृत्यूचे प्रमाण त्याआधी २.८० टक्के होते, नंतरच्या पाच महिन्यांत ते ६.५७ टक्के झाले, असे तिथल्याच डॉक्टरांनी २००५ मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ही आधी-नंतरची तुलना आहे, त्यामुळे सारा दोष संगणकावर टाकता येणार नाही. पण त्यांनी नोंदवलेले बदल कुठल्याही डॉक्टरच्या अंगावर काटा आणतील. पूर्वी अत्यवस्थ मूल वाटेत असतानाच औषधांची तयारी सुरू व्हायची. आता मूल पोहोचून त्याची नोंदणी होईपर्यंत आदेशच देता येईना. खाटेशी असणारा डॉक्टर कळफलकाशी बसला.

तेच सॉफ्टवेअर सिअ‍ॅटलच्या बालरुग्णालयातही बसवले गेले. तिथल्या मंडळींनी आधी पिट्सबर्गला जाऊन काय बिघडले ते पाहिले, नेहमी लागणाऱ्या औषधांचे आदेशसंच आगाऊ तयार ठेवले. तिथे मृत्यूंचे प्रमाण वाढले नाही. सॉफ्टवेअर एकच असताना परिणाम वेगळा. म्हणून सॉफ्टवेअर चांगले की वाईट यावर भांडत बसण्यापेक्षा ते कुठे, कसे, कुणाला विचारून बसवले याची तपासणी अधिक उपयोगाची.

आपल्याकडे हा विषय आता पुस्तकी राहिलेला नाही. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अनेक वर्षे चाललेली संगणकप्रणाली २०२२ च्या पावसाळ्यात बंद झाली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली. पुढे केंद्राच्या एनआयसीची ‘ई-हॉस्पिटल’ प्रणाली आली. आभा क्रमांक आले, ओपीडीच्या दारात क्यूआर कोड लागले. हे व्हायलाच हवे. कागदाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. वाचता न येणारे अक्षर, हरवलेले केसपेपर, त्याच तपासण्या पुन्हा करायला लागलेला गरीब रुग्ण, हा कागदाचाच इतिहास आहे. पण प्रत्येक नव्या प्रणालीच्या उद्‌घाटनात किती रुग्णालये जोडली गेली हा आकडा सांगितला जातो. किती वॉर्डांतले रजिस्टर बंद झाले, हा आकडा कुणी सांगत नाही, बहुधा मोजतही नाही.

आणि प्रणाली कोसळली तर? २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातील सर्वांत नामवंत रुग्णालयाचे नोंदणीपासून तपासणीच्या रिपोर्टपर्यंतचे काम जवळपास दोन आठवडे कागदावर चालवावे लागले. एम्सकडे मनुष्यबळ होते, निभावले. जिल्हा रुग्णालयात रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला तर कोरे फॉर्म कुठल्या कपाटात आहेत, किल्ली कुणाकडे आहे, आणि सकाळी सुरू झाल्यावर रात्रीच्या नोंदी कोण भरणार? आगीची रंगीत तालीम होते तशी याचीही वर्षातून दोनदा व्हायला हवी.

शासनाने यासाठी नवा विभाग काढण्याची गरज नाही. कोणते दोष असताना प्रणाली सुरू करायची नाही, हे कंत्राटावर सही होतानाच लिहून ठेवावे. ती यादी मधेच बदलायची असेल तर कुणी आणि का बदलली हे सहीनिशी नोंदवावे आणि ते रुग्णालयाच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचता यावे. तपासणीला येणारा माणूस कंत्राटदाराचाही नसावा आणि कंत्राट देणाऱ्या कार्यालयाचाही नसावा. त्या समितीत वॉर्डची एक इन्चार्ज सिस्टर, एक औषधनिर्माता आणि केसपेपरच्या खिडकीवरचा एक लिपिक असावा, आणि ‘अजून तयार नाही’ असे त्यांनी म्हटले तर तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार त्यांना असावा. मंत्रिमहोदयांच्या हस्ते होणाऱ्या उद्‌घाटनाची पत्रिका छापून झालेली असली तरीही.