विकलेलें दूध व विकत घेतलेला डबा

आपल्या बीड जिल्ह्यांतील शेतकरी सोयाबीन आडतीवर घालतो, दूध डेअरीला घालतो, आणि अशक्त मुलासाठीं औषधाच्या दुकानांतून प्रथिनांचा डबा विकत आणतो. हा व्यवहार आम्हांस उफराटा वाटतो.

डब्यांवर अलीकडे ‘पेप्टाइड’ हा शब्द झळकतो. त्यांत गूढ कांहीं नाहीं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती पचतांना वा आंबतांना तुटून जे लहान तुकडे होतात, तेच पेप्टाइड. डाळ खाल्ली तरी पोटांत ते होतात. दुधाचें दही होतांना भांड्यांतच कांहीं होतात. त्यांपैकीं कांहींचा रक्तदाब उतरण्याशीं संबंध जोडला जातो. आंबविलेल्या दुधावर जपानांत तसे प्रयोगही झाले; परंतु युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २०१२ सालीं तो दावा सिद्ध मानला नाहीं. म्हणून गोळी सोडून ताकावर विसंबूं नये.

प्रथिनांची गरज मात्र खरी आहे. सोयाबीनांत तीं सुमारें ४० टक्के असतात. कच्च्या दाण्यांत पचनास अडविणारें द्रव्य असतें. तें उष्णतेनें जातें. यास्तव दाणे भिजवून, चांगले उकळून, वाळवून दळावे व नऊ भाग ज्वारीच्या पिठांत एक भाग मिसळावा. दुधांतून विरजणापुरतें आधीं काढावें, मग डेअरीची वाट धरावी. लेकरांच्या तोंडचें विकून डब्यासाठीं उसनवारी करणें, हा शहाणा हिशेब नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे.